संगणक घेण्यापूर्वी भागांची ओळख : एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण घरूनच पुस्तकांचा अनुवाद आणि पानांची मांडणी करणाऱ्या एका व्यावसायिक अनुवादिकेचे आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. यंत्रांची आणि त्यांतील भागांची माहिती मात्र जशी होती तशीच दिली आहे, कारण सगळे निर्णय त्या माहितीवरच झाले. २०२५ च्या पूर्वार्धात त्यांनी नवा संगणक घ्यायचे ठरवले, विक्रेत्यांकडून तीन कोटेशन मिळवली आणि त्यांतला फरक समजावून घेण्यासाठी ती माझ्यासमोर ठेवली.

त्यांच्याकडचा लॅपटॉप २०१७ साली घेतलेला होता. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर आय५-७२००यू हा दोन कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणनेचे घटक) व चार थ्रेडचा (एकाच वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा) प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी १ टीबीची हार्ड डिस्क होती. घेतला तेव्हा तो पुरेसा होता, कारण तेव्हा काम केवळ मजकूर टाइप करण्याचे होते. पुढे कामाचे स्वरूप बदलले. मूळ पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या पानांची काहीशे एमबीची पीडीएफ एका बाजूला उघडी, ब्राउझरमध्ये कोश आणि संदर्भांच्या वीसेक टॅब, आणि त्याच वेळी पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर चालू, असा त्यांचा रोजचा दिवस झाला होता. अधूनमधून मुखपृष्ठाच्या चित्रांवरही काम असे. त्यात भर म्हणून त्यांचा मुलगा महाविद्यालयात प्रवेश घेणार होता आणि त्याला त्रिमितीय आराखड्यांचे सॉफ्टवेअर लागण्याची शक्यता होती. शक्यता होती, खात्री नव्हती. या फरकाला पुढे महत्त्व आले.

अडचण

तक्रार अशी होती की, लॅपटॉप सुरू करून प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत पाच-सहा मिनिटे जात. मोठी पीडीएफ उघडी असताना मांडणीच्या सॉफ्टवेअरमधून ब्राउझरकडे गेले की खिडकी पांढरी पडे आणि काही वेळ कोणत्याच कळीला प्रतिसाद मिळत नसे. प्रोसेसर जुना झाला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता आणि ज्यांना विचारले त्या सर्वांनी त्याला दुजोरा दिला होता. या वेळी थेट आय७ घ्या, म्हणजे पुढची दहा वर्षे बघायला नको, असा सल्लाही मिळाला होता. जाहिरातीत आणि खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत प्रोसेसरचेच नाव छापलेले असल्यामुळे सामान्य ग्राहकाची समजूत अशी होणे स्वाभाविक आहे. ती समजूत तपासण्याचे साधन मात्र प्रत्येक विंडोज संगणकात आयते उपलब्ध असते.

टास्क मॅनेजर हा यंत्राचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारा विंडोजमधला कार्यक्रम उघडून त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागाकडे बघत त्यांनी आपले नेहमीचे काम करावे, एवढेच मी सुचवले. यंत्र अडले त्या क्षणी प्रोसेसरचा वापर पाव ते एकतृतीयांशाच्या आसपास होता. रॅम मात्र जवळजवळ पूर्ण भरलेली होती आणि हार्ड डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना टेकलेला होता. याचा अर्थ असा की प्रोसेसर काम करायला मोकळा होता, पण त्याला लागणारी माहिती वेळेवर पोहोचत नव्हती.

हे का घडते, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा एकही निर्णय नीट घेता आला नसता. चालू असलेल्या सर्व कार्यक्रमांची माहिती रॅममध्ये राहते. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवरील एका फाइलमध्ये हलवते आणि गरज लागेल तेव्हा परत आणते. ही ने-आण डिस्कवरच्या विखुरलेल्या जागांवर होते आणि फिरत्या डिस्कची खरी मर्यादा तिथेच आहे. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. वाचणारे टोक योग्य पट्ट्यावर सरकायला लागणारा वेळ त्यात मिळवला, तर अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभरहून कमीच विखुरलेली वाचने करू शकते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे वा सरकणारे काहीच नसल्याने हीच संख्या हजारोंच्या घरात जाते. त्यांच्या लॅपटॉपमध्ये रॅमची कमतरता आणि डिस्कची संथ गती या दोन गोष्टी एकमेकींचा त्रास वाढवत होत्या.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत निर्णायक टप्पा हाच होता. कोणता भाग कामाला अडवतो आहे हे कळल्यावर, ती अडचण कोणत्या कोटेशनने सुटते, या एका प्रश्नासमोर तिन्ही कोटेशन ठेवता आली.

कोटेशनचे वाचन

पहिले कोटेशन त्यांच्या सर्वाधिक पसंतीचे होते. जुळवणी केलेला डेस्कटॉप, आय७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, असा त्यातील मजकूर होता. आय७ हे एका विशिष्ट प्रोसेसरचे नाव नाही. अनेक पिढ्यांमधून चालत आलेल्या एका श्रेणीचे ते नाव आहे. पिढी कळते ती त्यापुढील आकड्यावरून आणि तो आकडाच कोटेशनमध्ये नव्हता. तो लेखी मागितल्यावर उत्तर आले, कोअर आय७-४७७०. हा चौथ्या पिढीचा, २०१३ साली बाजारात आलेला प्रोसेसर आहे. म्हणजे जो लॅपटॉप जुना झाला म्हणून त्या बदलू पाहत होत्या, त्याच्या प्रोसेसरपेक्षाही हा ‘नवा’ संगणक आतून तीन वर्षांनी जुना होता.

न्यायाने बोलायचे तर आय७-४७७० दुबळा नाही. चार कोअर आणि आठ थ्रेडचा हा डेस्कटॉप प्रोसेसर त्यांच्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरपेक्षा नक्कीच अधिक काम उरकतो. परंतु या यंत्रातही तीच ८ जीबी रॅम होती आणि तशीच फिरती डिस्क होती, त्यामुळे अडचण होती तिथेच राहिली असती. शिवाय या प्रोसेसरला जुन्या डीडीआर३ प्रकारची रॅम लागते, म्हणून आज त्यात घातलेली रॅम पुढच्या कोणत्याही नव्या संगणकात चालली नसती. २०२२ साली आलेला आय३-१२१०० हा नावाने धाकटा प्रोसेसरही तितक्याच म्हणजे चार कोअर व आठ थ्रेडच्या बळावर त्याच्या पुढे जातो. सोबतचे २ जीबीचे कार्ड जुन्या पिढीचे आणि अगदी प्राथमिक होते. ग्राफिक्स कार्डावरील जीबीचा आकडा त्याच्या स्मृतीची क्षमता सांगतो, चित्र तयार करण्याचे सामर्थ्य सांगत नाही.

दुसरे कोटेशन एका सडपातळ लॅपटॉपचे होते : एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. येथे डिस्कचा प्रश्न सुटत होता आणि यंत्रही खरोखर नवे होते. तरी दोन गोष्टी बारकाईने पाहाव्या लागल्या. एएमडीच्या त्या मालिकेत चार आकड्यांपैकी पहिला आकडा विक्रीचे वर्ष दर्शवतो आणि तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी दर्शवतो. ७५२०यू मधील २ म्हणजे झेन २, जी रचना मुळात २०१९ सालची आहे. ७५३०यू मध्ये तिथे ३ आहे आणि तो झेन ३ रचनेचा, सहा कोअरचा प्रोसेसर आहे. दहाचाच फरक असलेल्या दोन क्रमांकांमध्ये एवढे अंतर असू शकते, हे दुकानात उभ्या ग्राहकाच्या लक्षात येणे अवघड आहे आणि अशी क्रमांकरचना ग्राहकावर अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. ७५२०यू केवळ एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम स्वीकारतो आणि ती मदरबोर्डवरच, म्हणजे सगळे भाग जोडले जातात त्या मुख्य पाटीवरच, सोल्डर केलेली (कायमची डाखलेली) असते. म्हणजे आज घेतलेली ८ जीबी रॅम त्या यंत्राच्या अखेरपर्यंत ८ जीबीच राहणार होती आणि त्यांच्या कामाला ८ जीबी पुरत नाही, हे तर टास्क मॅनेजरने नुकतेच दाखवले होते.

तिसरे कोटेशन सर्वांत साधे दिसत होते : आय५-१२४००एफ, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी, ‘५१२ जीबी एम.२ एसएसडी’, कॅबिनेटसोबत येणारा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. ग्राफिक्स कार्ड नाही. त्यातही उणिवा होत्या, पण त्या यादीतच दुरुस्त करता येण्याजोग्या होत्या.

पर्यायांचा विचार

या तीन कोटेशनखेरीज चौथा पर्याय म्हणजे जुनाच लॅपटॉप सुधारणे. त्यात सॅटा या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीची एसएसडी बसत होती. रॅमपैकी ४ जीबी बोर्डावर सोल्डर केलेली होती, उरलेली ४ जीबी एका स्लॉटमध्ये होती आणि त्या स्लॉटमध्ये मोठी पट्टी टाकता आली असती. कामाची अडचण या दोन बदलांनी बरीचशी सुटली असती, तेही नव्या संगणकाच्या खर्चाच्या लहानशा अंशात. मी सहसा हाच पर्याय आधी सुचवतो. येथे मात्र आडवी आली ती विंडोजची अट. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागते, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. ज्या यंत्रावर प्रकाशकांशी पत्रव्यवहार, करार आणि बँकेचे व्यवहार होतात, ते सुरक्षा-अद्यतनांविना मुख्य यंत्र म्हणून वापरणे मला मान्य नव्हते. याच अटीमुळे आय७-४७७० चे कोटेशनही पूर्णपणे बाद झाले.

मग विचार करण्याची एक पद्धत आम्ही ठरवली. कोटेशनमधील प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा : हा भाग पुढे बदलता किंवा वाढवता येईल का? जो येईल, त्याबाबत आजच्या गरजेपुरते घ्यायचे. जो येणार नाही, त्याबाबत आजच उदार व्हायचे. मदरबोर्डवरील रॅमचे स्लॉट, प्रोसेसरचे सॉकेट (तो बसवण्याची जागा) आणि पॉवर सप्लायची क्षमता यांवर पुढचे सगळे बदल अवलंबून असतात, आणि जाहिरातीत नेमके यांचेच नाव नसते. रॅमच्या पट्ट्या, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड हे नंतर येऊ शकणारे भाग आहेत. मुलाच्या संभाव्य गरजेचा प्रश्नही या कसोटीने सोपा झाला. ग्राफिक्स कार्ड आज घेण्याची गरज नव्हती, पण ते उद्या बसेल अशी जागा, तशी वीजक्षमता आणि तशी जोडणी आजच असायला हवी होती. लॅपटॉपमध्ये ही सोय ठेवताच आली नसती, म्हणून निवड डेस्कटॉपकडे झुकली.

सॉकेटबाबत मात्र खरोखर दुमत होण्यासारखी स्थिती होती. आय५-१२४०० ज्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतो, त्यात इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात आणि त्यानंतर इंटेलने २०२४ मध्ये नवे सॉकेट आणले. एएमडीचे एएम५ सॉकेट घेतले असते, तर पुढील काही वर्षे नवे प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवण्याची वाट मोकळी राहिली असती, पण त्यासाठी डीडीआर५ रॅम अनिवार्य होती आणि एकूण खर्च अंदाजपत्रकाच्या बाहेर जात होता. त्यांच्या कामात प्रोसेसर कधीच पूर्ण वापरला जात नव्हता, हे आम्हाला मोजून माहीत होते. त्यामुळे प्रोसेसर बदलण्याची वाट त्यांच्यासाठी मोलाची नव्हती आणि एलजीए १७०० वर थांबणे मी योग्य मानले. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला मी उलट सल्ला दिला असता.

केलेली कृती

पहिले पाऊल म्हणजे जुन्या लॅपटॉपमध्ये सॅटा एसएसडी बसवणे. नवा संगणक घ्यायचा असताना जुन्यावर खर्च कशाला, असे त्यांनी विचारले आणि प्रश्न रास्त होता. निदान बरोबर आहे की नाही, याची ही सर्वांत स्वस्त परीक्षा होती, आणि निदान चुकले असते तरी ती एसएसडी नव्या डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क म्हणून वापरता आली असती. रॅम मात्र वाढवली नाही, कारण लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये ती बसत नाही; तो खर्च जुन्या यंत्रातच अडकून पडला असता.

डिस्क बदलल्यावर यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होऊ लागले. मोठी पीडीएफ आणि मांडणीचे काम एकत्र चालू असताना मात्र रॅम पूर्वीइतकीच भरत राहिली आणि थोडे अडखळणे उरले. हातातला प्रोसेसर तोच, विंडोज तेच, आणि तरीही एवढा फरक पडलेला पाहिल्यावर आय७ चा आग्रह त्यांनी स्वतःच सोडला.

मग तिसऱ्या कोटेशनमध्ये बदल सुचवून ते पुन्हा मागवले. पहिला बदल एका अक्षराचा होता. आय५-१२४००एफ मधील ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्ड घ्यायचे नसल्याने असे यंत्र मॉनिटरवर काहीच दाखवू शकले नसते आणि मग ऐन वेळी एखादे जुने कार्ड गळ्यात पडले असते. म्हणून ‘एफ’ नसलेला आय५-१२४०० ठरवला. त्यात सहा कोअर, बारा थ्रेड आणि अंगभूत ग्राफिक्स आहे.

दुसरा बदल रॅमचा. ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. डीडीआर४-३२०० ची एक वाहिनी (रॅम आणि प्रोसेसर यांच्यातला मार्ग) सेकंदाला सैद्धांतिक २५.६ जीबी माहिती वाहते आणि दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये असतील तर ही क्षमता दुप्पट होते. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते हीच रॅम वापरते, त्यामुळे हा फरक त्याला विशेष उपयोगी पडतो. बोर्ड चार स्लॉटचा निवडला. दोनच स्लॉट असते, तर पुढे वाढवताना आजच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागल्या असत्या आणि अशा वेळी १६ जीबीची एकच पट्टी घेऊन एक स्लॉट रिकामा ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

तिसरा बदल म्हणजे ‘एम.२ एसएसडी’ या शब्दांचा खुलासा. एम.२ हा केवळ आकार आहे. त्या आकारात सॅटा पद्धतीची डिस्कही येते, जिची गती सेकंदाला साधारण ५५० एमबीपाशी थांबते, आणि एनव्हीएमई पद्धतीचीही येते, जी पीसीआयई ३.० या बोर्डावरील वेगवान जोडणीच्या चार मार्गांवर सुमारे ३५०० एमबीपर्यंत जाते. हे सांगताना मी एक खुलासाही केला : फिरत्या डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येताना जाणवतो तेवढा फरक सॅटावरून एनव्हीएमईवर जाताना लेखन-वाचनाच्या कामात जाणवत नाही. खर्चात अंतर थोडे होते, म्हणून एनव्हीएमई घेतली. अंतर मोठे असते तर आग्रह धरला नसता.

पॉवर सप्लायवर मात्र मी आग्रह धरला. कॅबिनेटसोबतच्या पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत ४५० छापलेले होते. त्याच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या वाहिनीपुढे १६ अँपिअर लिहिलेले होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच वाहिनीवर चालतात आणि १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. उरलेला आकडा कुठून आला, हे विक्रेत्यालाही सांगता आले नाही. आय५-१२४०० एकटाच कमाल भाराला ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा कार्डासाठी शिल्लक काय राहणार होते, ते उघड आहे. त्याऐवजी ८० प्लस प्रमाणित, ५५० वॅटचा आणि ग्राफिक्स कार्डाला लागणारी आठ पिनांची जोडणी असलेला पॉवर सप्लाय यादीत घातला. ८० प्लसच्या मूळ प्रमाणपत्राचा अर्थ २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता, असा आहे. बिघडला तर सोबत इतर भागांनाही नेऊ शकणारा हा एकमेव भाग आहे, आणि खर्च कमी करताना सर्वांत आधी यालाच कात्री लागते, याची मला खरोखर चिंता वाटते.

आय७ आणि जुने ग्राफिक्स कार्ड वगळल्याने वाचलेल्या रकमेचा मोठा भाग मॉनिटरवर गेला. दिवसभर देवनागरी मजकूर वाचणाऱ्या व्यक्तीसाठी हा खर्च मला प्रोसेसरवरच्या खर्चाहून अधिक योग्य वाटतो. २७ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० बिंदू असतील तर एका इंचात सुमारे ८२ बिंदू येतात. २५६० बाय १४४० असतील तर सुमारे १०९ येतात. लहान टायपात अनुस्वार, रफार आणि दाट जोडाक्षरे वेगळी दिसतात की एकमेकांत मिसळतात, ते या आकड्यावर ठरते, आणि मुद्रितशोधनात तर त्यावरच सारे अवलंबून असते. मुखपृष्ठांसाठी रंगांची विश्वासार्हता हवी होती, म्हणून आयपीएस प्रकारचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) आणि एसआरजीबी रंगपट्टा जवळजवळ पूर्ण दाखवणारा पडदा घेतला.

यंत्र आल्यावर यादीबरहुकूम तपासणी केली आणि ती केली नसती तर दोन गोष्टी कायमच्या तशाच राहिल्या असत्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या होत्या, त्यामुळे दोन वाहिन्यांऐवजी एकच वापरली जात होती. त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्या. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेगही ३२०० ऐवजी २६६६ दिसत होता. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत, एक्सएमपी ही रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी नोंद चालू केल्यावर तो बरोबर झाला. डिस्कची क्षमता ५१२ ऐवजी ४७६ दिसते म्हणून त्या काळजीत पडल्या होत्या, पण त्यात काही गैर नव्हते. निर्माता १,००० च्या पटीने मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक होता.

परिणाम

त्यांचे नेहमीचे काम पूर्ण भरात असताना आता १६ पैकी १० ते ११ जीबी रॅम वापरली जाते आणि डिस्कचा आलेख क्वचितच वर जातो. खिडकी पांढरी पडणे थांबले. प्रोसेसर पूर्वीप्रमाणेच बहुतेक वेळ निवांत असतो, म्हणजे त्याबाबत अधिक खर्च केला असता तर तो त्यांना कधी जाणवलाच नसता. लॅपटॉपमधून काढलेली फिरती डिस्क आधी तपासून मगच यूएसबीच्या बाह्य खोक्यात घातली आणि ती आता प्रतींचा साठा ठेवण्यासाठी वापरात आहे. रोज एकदा प्रत उतरवून ठेवण्याच्या कामाला तिची गती पुरेशी आहे.

मुलाच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात त्रिमितीय काम आले, पण ते इतके प्राथमिक होते की अंगभूत ग्राफिक्सवर निभावले. कार्डाचा स्लॉट अजून रिकामा आहे.

वेगळे काय करता आले असते

कोटेशन मागवण्याआधी मोजमाप व्हायला हवे होते. ‘१६ जीबी रॅम, एसएसडी, अंगभूत ग्राफिक्स असलेला आठव्या पिढीनंतरचा प्रोसेसर’ एवढी अट घेऊन त्या दुकानात गेल्या असत्या, तर पहिल्या दोन कोटेशनवर वेळच गेला नसता. विक्रेत्याला ‘चांगला संगणक दाखवा’ असे सांगितले की चांगला म्हणजे काय, हे तोच ठरवतो.

लॅपटॉपवरून डेस्कटॉपवर येताना आपण कोणत्या सोयी गृहीत धरतो, त्यांची यादीही आधी व्हायला हवी होती. लॅपटॉपमध्ये वाय-फाय, कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्पीकर असतातच. डेस्कटॉपच्या अनेक मदरबोर्डांवर वाय-फाय नसते आणि या बोर्डावरही नव्हते. यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर घेऊन काम भागले. तरी वाय-फाय असलेला त्याच बोर्डाचा दुसरा प्रकार खरेदीच्या वेळी घेतला असता, तर एक यूएसबी पोर्ट मोकळा राहिला असता.

पॉवर सप्लायवरचा जादा खर्च अजून उपयोगात आलेला नाही, म्हणून तो टाळायला हवा होता का, असा प्रश्न त्यांनी मला नंतर विचारला. कार्ड कधीच घेतले नाही, तरीही माझे उत्तर नाही असेच राहील, कारण १९२ वॅटच्या वाहिनीवर हा प्रोसेसर वर्षानुवर्षे चालवणे मला सुरक्षित वाटत नाही. ५५० ऐवजी ४५० वॅटचा पण प्रमाणित पॉवर सप्लाय घेणे ही मधली वाट होती, आणि मुलाच्या अभ्यासक्रमाची निश्चित माहिती तेव्हाच मिळाली असती तर आम्ही कदाचित तीच निवडली असती.

जुन्या लॅपटॉपचा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही. प्रकाशकाकडे बैठकीला जाताना त्यांना सोबत न्यायला काहीतरी लागते आणि एसएसडीमुळे तो अजून उपयोगी आहे. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-अद्यतनांची जी एका वर्षाची सोय दिली गेली, तिच्यात त्याची नोंदणी केली आहे आणि ती मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. तोपर्यंत त्यावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत, पानांचे मसुदे वाचण्यापुरताच तो वापरायचा, असे ठरले आहे. त्यानंतर त्यात लिनक्स बसवून मांडणीच्या फाइल केवळ पीडीएफ स्वरूपात पाहाव्यात की तो बाजूला ठेवून नवा लॅपटॉप घ्यावा, हे त्या वेळी बैठका किती होतात त्यावर ठरवायचे आहे. नवा घ्यायचाच झाला तर स्लॉटमध्ये बसणारी रॅम ही पहिली अट त्यांनी आधीच लिहून ठेवली आहे.